हॉलमध्ये थोडासा कलर

आमच्या हॉलचा रंग कोणीही पसंत केलेला नाही. चार जणांनी एकमेकांचे रंग नापसंत केले आणि जो उरला तो लागला. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही गोत्रीला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आमच्या ह्यांना आकाशी हवा होता, कारण लहानपणी त्यांच्याकडे चुन्यात नीळ कालवून तोच देत, सासूबाईंना पिस्ता, मुलीला बंगलोरला बसून ग्रे, आणि मला गेरूचा लाल, आपण तुळशीवृंदावनाला लावतो ना तो. बरेच दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. शेवटी इंटिरियरवाला म्हणाला, न्यूट्रल घ्या, न्यूट्रलला कोणी नाही म्हणत नाही. आणि खरंच कोणी नाही म्हटलं नाही. पण 'हो'ही कोणी म्हटलं नव्हतं, ते नंतर लक्षात आलं.

तर भिंती बिस्किट, सोफा बिस्किट, पडदे बिस्किटापेक्षा एक शेड फिकट आणि खाली मोरबीच्या आयव्हरी टाइल्स. शेडकार्डावर सगळ्यांना वेगवेगळी नावं होती, सँड काय, लिनन काय, पण प्रत्यक्षात मारीचं बिस्किट खाली पडलं की ते फक्त मुंग्यांना सापडायचं. एकदा सासूबाई ऑफव्हाइट साडी नेसून सोफ्यावर डुलक्या घेत होत्या आणि हे बँकेतून दमून आले ते त्यांच्या मांडीवरच बसता बसता राहिले. वास्तुशांतीला समोरच्या भाभी आल्या, सगळं घर फिरून बघितलं, दोनदा शिरा घेतला, आणि निघताना अगदी मायेने विचारलं, "हवे कलर क्यारे करावशो?" म्हणजे, आता रंग कधी काढणार? त्यांना तो प्रायमर वाटला होता.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खपलं असतं हो. पण आमचं बडोदं म्हणजे भिंत रिकामी दिसली की ज्याला चैन पडत नाही असं गाव. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला बोलावून लक्ष्मी विलास पॅलेससाठी चित्रं काढून घेतली, कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांकडून गंगावतरण आणि महाभारताचं युद्ध भिंतीवर रंगवून घेतलं. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितलाय का? भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण, एकोणिसाव्या शतकातले, त्यांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर भिंती, दारं, कोनाडे, जिथे हात पोचेल तिथे चित्रं आहेत, कृष्णलीला आहे, मराठे-इंग्रजांच्या लढाया आहेत. दिवाणसाहेबांना कोणी न्यूट्रल बेस सांगितला नव्हता, हे त्यांचं नशीब. आणि त्यांच्या घरी चार माणसांचं मत घेत नसावेत हेही आलंच.

हे रिटायर झाले आणि मग विषय पुन्हा निघाला. दिवसभर घरात बसून माणूस बघणार काय, भिंत. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "ह्या हॉलमध्ये थोडासा कलर हवा." थोडासा! मी लगेच म्हटलं गेरू, आतून सासूबाई म्हणाल्या पिस्ता, म्हणजे इतक्या वर्षांचं थकलेलं भांडण व्याजासकट पुढे आलं.

तोडगा काढायला नणंदेच्या मुलाला बोलावलं. तो इथल्याच फाइन आर्ट्सला आहे, १९५० सालापासूनची फॅकल्टी, आणि तिथल्या पोरांच्या अंगावरच्या कपड्यांत निदान तीन तरी रंग वाळलेले असतात त्यामुळे विश्वास बसतो. त्याने सोफ्यावर मांडी घातली (मी आधी खाली जुनी चादर घातली) आणि सांगितलं की मामी, साठ-तीस-दहा असा नियम असतो, खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा आणि दहा टक्के उठावाचा. "तुमचे साठ आणि तीस दोन्ही बिस्किटात गेलेत. दहा उरलेत, त्यात काय ते करा."

हे सांगायला नको होतं. आमचे हे बँकेच्या ऑडिटमधले. त्यांनी लॅपटॉप उघडला, मोजपट्टी आणली, भिंती, सोफा, पडदे, टाइल्स सगळ्याचं क्षेत्रफळ काढलं, दहा टक्के काढले, आणि घरात माणसं चार म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अडीच टक्के रंग मंजूर केला. सासूबाईंनी विचारलं, "बंगलोरला राहते तिला कशाला?" ह्यावर मुलीने व्हिडिओ कॉलवर जे भाषण केलं ते वारसाहक्काच्या दाव्यात वापरता येईल.

मग दुकान. तिथे शेडकार्डाचा पंखा उघडला की पहिल्या पाच मिनिटांत माणूस आपल्याला काय हवं होतं ते विसरतो. गेरू म्हणून मी ज्याच्याकडे बोट केलं त्याच्या खाली अजून सहा गेरू, आणि दुकानदार म्हणतो, "बेन, बधा अलग छे." मला एक कळलंय, कार्डावरच्या दीड इंचाच्या तुकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, भिंतीवर तोच रंग दुप्पट भडक वाटतो. आणि मशीनमधून रंग निघाला की तो परत घेत नाहीत, कारण पांढऱ्या बेसमध्ये थेंबाथेंबाने रंगद्रव्यं पडून तुमच्यापुरता डबा तयार होतो, दुसरं कोण घेणार तो. म्हणून छोट्या सँपलच्या डब्या घेतल्या आणि सोफ्यामागच्या भिंतीवर ओळीने ठिगळं मारली. गेरू, पिस्ता, आकाशी, ग्रे. मतदानाची तयारीच.

सकाळी गेरू सुंदर दिसायचा. हॉल पश्चिमेचा, त्यामुळे चारनंतर उन्हात पिस्ता पिवळा पडायचा, आणि रात्री दिवे लावले की आकाशीला मरगळ आणि ग्रेला निळी झाक यायची. भाच्याने वर बघून सांगितलं की मामा, तुमचे बल्ब ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे आहेत, घरात २७०० ते ३००० घ्यायचे असतात, पिवळसर. हे म्हणाले, ते ऑफरमध्ये होते. बल्ब बदलले तर सगळी ठिगळं पुन्हा वेगळी, परत बघणं आलं. तिकडे मुलगी फोनवरून विचारतेय की आई, जांभळा कोणाचा? जांभळा कोणाचाच नव्हता. फोनचा कॅमेरा आपल्या मनाने पांढरा ठरवतो आणि बाकीचे रंग त्या हिशोबाने ओढतो, त्यामुळे तिने बंगलोरमधून जे जे नापसंत केलं ते आमच्या घरात नव्हतंच.

सगळ्यात मोठा घोळ पिस्त्याने केला. ते ठिगळ मारल्यावर शेजारची बिस्किट भिंत चक्क गुलाबी दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "होती ती भिंतही बिघडवलीत." भाचा खूष, त्याच्या अभ्यासातलं निघालं. पॅरिसला गोबलांच्या विणकामाच्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, त्याने तपासलं तर रंगात खोट काहीच नाही, बाजूला निळे-जांभळे धागे आले की काळा फिका वाटतो. त्यावर त्याने १८३९ साली जाडजूड पुस्तकच काढलं, कुठलाही रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो म्हणून, हिरवा असला तर लालसर. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दोष शेजाऱ्याचा." दांडिया बाजारात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला हे पॅरिसहून कळायची गरज नव्हती.

पण पिस्ता त्याने बाद झाला एवढं खरं. आकाशीचं ह्यांनी स्वतःच मागे घेतलं, रात्री त्याच्याकडे बघून थंडी वाजते म्हणाले. ग्रेवाली लांब होती. गेरू उरला. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आत जाऊन साखर-तूप घालून गरम पोळी खाल्ली.

आता भिंत माझी झाली म्हटल्यावर बाकीच्यांनी नुकसानभरपाई मागितली. ह्यांनी मंगळ बाजारातून आभल्यांची कच्छी कुशनं आणली, निळी, स्वतः घासाघीस करून, आणि पहिल्याच दुपारी त्यावर गाल टेकून झोपले. उठले तेव्हा गालावर गोल गोल ठसे, मधोमध फुलाचा टाका सुद्धा स्पष्ट, आणि तशाच चेहऱ्याने दूधवाल्याला पैसे द्यायला दारात गेले. भाच्याचं म्हणणं पिठोरा लावा, छोटा उदेपूरकडे राठवा लोक काढतात ते घोड्यांचं चित्र. सासूबाईंनी विचारलं कोणता देव. तो म्हणाला बाबा पिठोरा, नवस फेडायला घराच्या भिंतीवर काढून घेतात, बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन विधी करतो. "मग आधी नवस बोला, मग घोडे आणा," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला, आणि खरं सांगू का, मला ते पटलं.

स्वतःचा वाटा मात्र त्यांनी राखून ठेवला होता. एक दिवस म्हणाल्या, "मला संखेड्याची खुर्ची हवी." आणि इथल्या शोरूममधली नको, संखेड्याहूनच. झालं, डभोईवरून गाडी काढली. तिथे सागाचा पाय लेथवर फिरत असतो आणि कारागीर त्यावर लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणाने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानाने ती सारखी करतात आणि अकीकच्या दगडाने घोटतात. सासूबाई तिथेच बसून राहिल्या, चहा झाला, दुसरा झाला. खुर्ची निवडली ती मरून, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, हातांना लट्टू, पाठीला लट्टू, जिथे जागा मिळाली तिथे लट्टू.

ती हॉलमध्ये ठेवल्याबरोबर बाकीचा हॉल तिचं पॅकिंग वाटायला लागला. हे मोजपट्टी घेऊन खुर्चीभोवती फिरले आणि म्हणाले, "आई, तुझी एकटीची खुर्ची सगळ्यांचे दहा टक्के खाते." सासूबाई म्हणाल्या, "मग काढ की एखादी भिंत."

भिंतीचं कामही लागलं. कलरवाला म्हणाला होता, "भाभीजी, दो हाथ में हो जाएगा." गडद लाल दोन हातांत कधीच होत नाही, कारण गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात झाकणारं पांढरं द्रव्य अगदी कमी घालतात, नाहीतर लालाचा गुलाबी होईल, त्यामुळे खालचं सगळं आरपार दिसत राहतं. पहिल्या हातानंतर गेरूतून पिस्ता, आकाशी आणि ग्रे तिघंही डोकावत होते. नेमके त्याच संध्याकाळी ह्यांचे बँकेतले साहेब सहकुटुंब आले. सोफा खोलीच्या मध्यावर, टीव्हीवर प्लास्टिक, शिडीवर ओला ब्रश आणि भिंतीवर तो प्रकार. साहेबांच्या मिसेस बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॉडर्न आर्ट का?" भाचा हो म्हणाला. मी तोवर पोहे टाकले होते, ते मात्र चांगले झाले.

चौथ्या हाताला भिंत बसली. मास्किंग टेप ओढताना बाजूच्या भिंतीचा बिस्किट पोपडा बरोबर निघून आला, तिथे सध्या कॅलेंडर लावलंय. मुलीच्या वाट्याचे अडीच टक्के ह्यांनी ग्रे पायपुसणं घेऊन भागवले, तिला अजून फोटो पाठवलेला नाही.

लॅपटॉपच्या हिशोबाने आता हॉलमध्ये एकतीस टक्के रंग आहे आणि हे अधूनमधून तो कमी करायच्या योजना सांगत असतात. अर्धी योजना सासूबाईंनी न विचारताच पार पाडली. खुर्चीची लाख उन्हाने जाईल, धुळीने जाईल, कोणाच्या घड्याळाने ओरखडा पडेल, म्हणून पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून त्यांनी खुर्ची लट्टूंसकट झाकून टाकली, आणि स्वतःही त्यावर बसत नाहीत, समोरच्या सोफ्यावर बसून राखण करतात. तेव्हा आमच्याकडे यायचं असेल तर जरा आधी फोन करा. कव्हरला खालून आठ नाड्या आहेत आणि त्यांनी सगळ्यांना निरगाठी मारल्यात.