बालवाडीच्या अर्जात लसीकरणाचा रकाना हवा

गेली एकोणीस वर्षे मी पुण्यात बालवाडीच्या मुलांना शिकवते आहे. प्रवेशाच्या वेळी आम्ही जन्मदाखला, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि फोटो मागतो. मुलाला कोणकोणत्या लसी मिळाल्या, हे मात्र विचारत नाही, कारण अर्जात तसा रकानाच नाही. तो असायला हवा, असे मी आता आग्रहाने म्हणते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात वर्गातल्या एका मुलाला सर्दी झाली होती, डोळे लाल होऊन सारखे पाणावत होते. थंडीत निम्मा वर्ग नाक ओढत असतो, म्हणून मी ते फारसे मनावर घेतले नाही. दोन दिवसांनी त्याचा डबा उघडून देण्यासाठी वाकले, तेव्हा कानामागे आणि केसांच्या कडेने बारीक लालसर पुरळ दिसले. डॉक्टरांनी गोवर सांगितला. मी त्याला लगेच घरी पाठवले होते, त्यामुळे आपण वेळेत सावध झालो, अशी माझी समजूत होती. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन मुले आजारी पडली आणि त्यांतल्या एका मुलीला न्यूमोनिया होऊन रुग्णालयात ठेवावे लागले.

माझी समजूत कुठे चुकली, हे नंतर वाचताना कळले. गोवराचे मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच इतरांना आजार देत असते आणि ते खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेली दहा मुले त्याच्या सहवासात आली, तर साधारण नऊ जणांना लागण होते. म्हणजे शिक्षिकेला पुरळ दिसेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते, आणि वर्ग वाचवायचा असेल तर तो त्याच्या कितीतरी आधी, कागद तपासूनच वाचवता येतो.

त्या मुलाचे आईवडील बांधकामावर काम करणारे. लसीकरणाचे कार्ड गावी आजीच्या पेटीत होते. आईने त्याचा फोटो मोबाईलवर मागवून मला दाखवला. गोवराच्या पहिल्या डोसाच्या, म्हणजे नवव्या महिन्याच्या रकान्यात तारीख आणि सिस्टरची सही होती, पण दुसऱ्या डोसाचा, सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना कोरा होता, कारण तोवर कुटुंब वाघोलीच्या साइटवर आले होते. एका डोसाने सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळते, दोन डोसांनी ९७ टक्के. मात्र लस चुकते ती केवळ गरिबांच्या घरी, असे कुणी समजू नये. आजारी पडलेल्या दुसऱ्या एका मुलाचे पालक चांगले शिकलेले होते आणि मोबाईलवर फिरणारा एक मजकूर वाचून त्यांनी लस पुढे ढकलली होती.

गोवराची लस आपल्या हडपसरमधून जगभर जाते, विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून याच शहरात आहे, आणि आमच्या वर्गात कुणाचा डोस राहिला आहे, हे आम्हालाच ठाऊक नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशीच ही गत आहे.

ही तपासणी पहिलीत नको, बालवाडीतच हवी. राहून गेलेला गोवर-रुबेलाचा (गोवराची लस या एकत्रित रूपातच दिली जाते) डोस सरकारी लसीकरणात पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत देता येतो. पहिलीत येईपर्यंत मुलाने ते वय ओलांडलेले असते. त्याच वेळी पालकांना पुढच्या लसींचीही आठवण देता येईल, कारण पाच-सहा वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) अनेक घरांत सहज विसरली जाते.

कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारावा, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे झाले, तर ज्या मुलापर्यंत लस पोहोचवायची तेच आपल्या हातून निसटेल.

शाळेचा अर्ज बदलेल तेव्हा बदलेल, पण येत्या जूनपासून माझ्या वर्गापुरती मी एक वही घालणार आहे. प्रत्येक नावापुढे दोन्ही डोसांच्या तारखा लिहून घेईन आणि ज्यांची जागा कोरी राहील, त्यांची यादी पहिल्याच आठवड्यात महापालिकेच्या दवाखान्यातील सिस्टरांकडे स्वतः नेऊन देईन. कार्ड गावी राहिले असेल, तर मोबाईलवरचा फोटो चालेल.