‘इडुक्की गोल्ड’ लावायला परवानगी नाही

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: केरळचा ‘इडुक्की गोल्ड’ गांजा आता परवाना काढून लावता येतो, तीन महिन्यांत पीक हाती येतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ नुसार गांजाची लागवड हा गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तुरीच्या ओळींत आडोशाला लावलेली चार झाडंही त्यातच येतात. कलम १४ मध्ये सवलत आहे, पण ती धागा, बी अशा औद्योगिक किंवा बागायती वापरापुरती, तीही सरकारने परवानगी दिली तर. उत्तराखंडने परवाने दिले ते हेम्पला, म्हणजे याच झाडाच्या नशा जवळपास नसलेल्या प्रकाराला. गल्लत बहुधा इथेच झाली.

आता तीन महिन्यांचं. उष्ण कटिबंधातले हे गावठी वाण उंच वाढतात, पानं अरुंद. तिकडे दिवस वर्षभर जवळपास सारखाच, त्यामुळे फुलोरा फार रेंगाळतो; तीन महिन्यांत पीक हाती येत नाही. शिवाय परागीभवन वाऱ्यावर, नर-मादी झाडं वेगळी, म्हणजे बी शुद्ध राहील याची खात्री नाही. ‘अस्सल बियाणं’ म्हणून विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

कर्जात असलेला माणूस अशा मेसेजवर भरवसा ठेवून थेट तुरुंगात जाईल. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.