‘पाणी टाकत राहा’ हे मला परत ऐकायचं नाही

परत तोच कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, डाग. सकाळी व्हॅनचं दार सरकवलं, उतरायच्या आधी वाकून पाहिलं, तर पुठ्ठ्यावर तळहाताएवढा ओला गोल. रात्री मी स्वतः तो पुठ्ठा इंजिनाखाली सरकवला होता, कोरडा ठणठणीत, कोपऱ्यात तारीख लिहून. असे तारखा घातलेले ११ पुठ्ठे जमलेत माझ्याकडे. सगळ्यात जुन्यावरचा डाग गर्द हिरवा आहे. आजचा पार पाणचट. हा रंग का उतरला, एवढं एकाही मेकॅनिकने विचारलं नाही, आणि माझं डोकं नेमकं तिथेच फिरतं.

दीड वर्षात या गाडीचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, बदलला. मग वॉटर पंप. मग कूलंटची रिझर्व्ह टाकी. ती पिवळी पडून शिवणीवर तडकली होती, त्याबद्दल तक्रार नाही. मग मागच्या हीटरकडे जाणारा पाइप. दर वेळी गाडी ताब्यात देताना एकच आश्वासन, "आता बघायला नको." आणि दर वेळी महिना उलटायच्या आत टाकीतली पातळी खालच्या रेघेखाली. परत गेलो की हात झटकून मोकळे. "जुनी गाडी आहे हो, एवढं चालायचंच. पाणी टाकत राहा."

चालायचंच म्हणजे काय? ब्रेक थोडे कमी लागले तर म्हणाल का असं?

आणि पाणी टाकत राहा म्हणजे नेमकं काय करत राहा, हे सांगणाऱ्याला तरी कळतं का? कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. निम्मं एथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज रोखणारी रसायनं. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही, आणि झाकण १ बार दाब धरत असेल तर जवळजवळ १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात दर आठवड्याला नळाचं पाणी ओतलं की हे दोन्ही आकडे घसरतात. पण त्याहून वाईट म्हणजे ती गंज रोखणारी रसायनं पातळ होतात. मग ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आतून कुरतडलं जायला लागतं. पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. म्हणजे आज ज्या गळतीवर पाणी ओतलं, तेच पाणी पुढची गळती तयार करतं. गाडीच्या वयावर ढकलू नका. दीड वर्ष तुमच्या सल्ल्याने मी तिला नुसतं पाणी पाजलं, हे त्याचं फळ आहे!

बरं, गळती सापडत का नाही? "आम्हाला तर काही गळताना दिसत नाही." नाहीच दिसणार. गाडी तुमच्याकडे चालत येते, म्हणजे गरम असते. गरम इंजिनावर रबर आणि धातू दोन्ही फुगलेले, जोड घट्ट. रात्री सगळं गार होऊन आकसतं, रबर कडक पडलेलं असतं, आणि तेव्हा जोडातून थेंब सुटायला लागतात. सकाळी इंजिन तापलं की ते बंद. मी हे पाच वेळा सांगितलं. पाच वेळा! पुठ्ठे नेऊन दाखवले. प्रत्येकाने बॉनेट उघडलं, टॉर्च फिरवली, हाताशी आलेली क्लिप स्क्रूड्रायव्हरने आणखी अर्धा फेरा आवळली आणि म्हणाला, झालं.

त्या क्लिपांचं तर बघायलाच नको. कंपनीने काही जोडांवर स्प्रिंगच्या क्लिपा दिल्या होत्या. रबर आकसलं तर त्या सोबत आकसतात, फुगलं तर सैल होतात, ताण कायम धरतात. त्या काढून फेकल्या, कारण पक्कडीने बसवायला जिवावर येतं, आणि जागी स्क्रूच्या क्लिपा लावल्या. स्क्रूची क्लिप आपणहून घट्ट होत नाही. काही महिन्यांनी तिच्याखालचं रबर दबून बसतं, जोड सैलावतो, मग तो परत आवळायचा. खालचा होज मी काढून पाहिला. क्लिपची कड रबरात इतकी घुसली होती की नखाने आतलं कापड लागलं. बाहेरून होज अगदी नवाकोरा, काळा कुळकुळीत. टोकाशी चिमटीत दाबला तर लिबलिबीत. आडवा कापला तेव्हा आतून उभ्या बारीक चिरा, जवळजवळ कापडापर्यंत पोचलेल्या. होज असाच आतून कुजतो, आणि तोही क्लिपच्या जवळ. बाहेरून पुसून "चांगला आहे" म्हणणाऱ्याला हे कसं कळणार?

एकाने तर कमाल केली. मला न विचारता गळती बुजवायची पावडर टाकीत टाकली. ती पावडर काही विचारून बुजवत नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसते. माझ्या गाडीत सगळ्यात अरुंद वाट हीटरच्या कोअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या बारीक नळ्यांत. पुढच्याच थंडीत हीटरमधून गार वारा. आत माझी मुलगी दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत बसली होती आणि मी फोनवर त्याला विचारत होतो की टाकलं काय होतंस. "काही नाही, थोडं लिकेजचं औषध." औषध! दुसऱ्याने हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी ओतलं, रंगाने काय फरक पडतो म्हणाला. रंगाने पडत नाहीच, रंग कुठलीही कंपनी कुठलाही घालते. फरक आतल्या रसायनांनी पडतो. न जुळणारी दोन कूलंटं एकत्र आली तर गाळ धरू शकतो, आणि तो गाळ पुन्हा त्याच अरुंद नळ्यांत जातो.

ही नुसती गाडी नाही हो. आम्ही हिच्यात झोपतो. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधले पाइप सगळे खालून, शिवाय मागच्या बाजूच्या हीटरचा वेगळा फाटा. सगळं मिळून १५-१६ लिटर कूलंट आणि जोड किती ते मोजायला बसलो तर एका संध्याकाळचं काम. बाकाखालचा जोड गळत होता तेव्हा चार रात्री आत तो गोडसर वास येत होता. मला वाटलं काही सांडलंय. बाक उचकटलं तेव्हा प्लाय फुगून पदर सुटलेले, हात लावला तर बोट आत गेलं. ते बाक मी स्वतः बनवलं होतं.

एवढ्या लांब पाइपांत हवा अडकते. ती काढायला वेळ लागतो. गाडीचं नाक वर करायचं, हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवायचा, रेडिएटरची हवा सोडायची, भरायचं, थांबायचं, परत भरायचं. कुणालाही तेवढा धीर नाही. टाकी काठोकाठ भरली की चावी हातात. पंप बदलून आणल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या चढावर टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे गेला आणि मग एकदम खाली पडला. गाडीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मला दरदरून घाम फुटला. काटा असा पडतो कधी, तर सेन्सरभोवतीचं पाणी जाऊन तिथे नुसती हवा उरली की. गाडी तिथेच बाजूला घेतली, बंद केली, तासभर झाकणाला हात लावला नाही. उकळतं कूलंट तोंडावर उडून माणसं भाजतात. हेड वाकलं नाही हे नशीब. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर हेड, गॅस्केट, सगळंच गेलं असतं, आणि मग हेच लोक म्हणाले असते, जुनी गाडी आहे.

आणखी एक गोष्ट कुणीच बोलत नाही. गळलेलं कूलंट जमिनीवर पडतं आणि ते गोड लागतं. कुत्री-मांजरं चाटतात. ग्लायकॉल पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात, मांजराला तर अगदी थोडं पुरतं. जिथे मुक्काम करतो तिथे सकाळी सगळ्यात आधी मी खाली घुसून जमीन पुसतो, भिजलेला पुठ्ठा पिशवीत बांधतो. पाणी टाकत राहा म्हणणाऱ्याला, टाकलेलं जातं कुठे हा प्रश्न पडतच नाही का?

शेवटी प्रेशर टेस्टरचा, म्हणजे दाब देऊन गळती शोधायचा, हातपंप मीच मागून आणला. आज सकाळीच, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, टाकीच्या तोंडावर बसवला आणि १ बार दाब दिला. काटा पाच मिनिटं हलला नाही. दहाव्या मिनिटाला किंचित ढळला. टॉर्च घेऊन खाली गेलो, पुढून मागे एकेक जोड बोटाने चाचपत. मधल्या लोखंडी पाइपाला जिथे रबर बसतं तिथे पांढरट-हिरवी खर चढली होती आणि तिच्या खालच्या टोकाला एक थेंब. पुसला. मिनिटाभरात दुसरा आला. खर खरवडली तर खाली पाइप गंजून खडबडीत झालेला. त्यावर नवीन होज बसवला असता तरी गळलाच असता.

वीस मिनिटांचं काम होतं. दीड वर्ष, पाच गॅरेज, आणि एकानेही गार इंजिनाला पंप लावला नाही.

उद्या मेकॅनिकला मी इथेच बोलावलंय, सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी. दोन्ही लोखंडी पाइप बदलायचे, सगळे होज एकदम, सगळ्या क्लिपा स्प्रिंगच्या, नवीन झाकण, जुनं पाणी पूर्ण उपसून नवीन कूलंट. मग माझ्यासमोर पंप लावायचा आणि अर्धा तास काटा बघत बसायचं, दोघांनी. तोपर्यंत गाडी जागची हलणार नाही आणि तिच्यात एक थेंब पाणी मी टाकणार नाही.