विरोधी आमदार व्हायचे आहे? मग अधिवेशनापूर्वी एवढे पाठ करा

गेल्या डिसेंबरमध्ये, बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना, वडिलांच्या मतदार नोंदीची फाइल काखेत मारून मी आमच्या विरोधी आमदारांना भेटायला हलगा गावाच्या दिशेने निघालो आणि सुवर्ण विधानसौधाच्या, म्हणजे तिथल्या विधानभवनाच्या, बऱ्याच अलीकडे बॅरिकेडपाशी दोन तास उभा राहिलो. त्या दोन तासांत जे शिक्षण झाले, ते सीमाभागातील होतकरू पुढाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे. आमदार कोणत्या पक्षाचे हे मुद्दामच सांगत नाही, कारण बाक बदलला की भाषणांचीही अदलाबदल होते आणि मग माझा सल्ला उगीच शिळा व्हायचा.

प्रथम कर. करांवर बोलताना आकडा दशांशासह सांगावा, म्हणजे ऐकणारा दबतो. दिल्लीत आपला पक्ष सत्तेवर नसेल, तर चौदाव्या वित्त आयोगाने कर्नाटकाला दिलेला केंद्रीय करांतला ४.७१३ टक्के वाटा पंधराव्या आयोगात ३.६४७ टक्क्यांवर कसा घसरला, हे छाती पिटून सांगावे. बेंगळूरमध्ये आपला पक्ष सत्तेवर नसेल, तर जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला गेला, असे म्हणत बैलगाडीतून सौधाकडे जावे. (बैलगाडी हमरस्त्यापर्यंत टेंपोतून आणता येते.) दोन्ही कागद खिशात असावेत, मात्र एकाच दिवशी दोन्ही बाहेर काढू नयेत. घरपट्टीचा विषय शक्यतो टाळावा, कारण तिची पावती मतदाराच्या हातात असते आणि कधीकधी तो ती वाचतो. घरपट्टीवर ग्रंथालयासाठी ६ टक्के आणि भिक्षुकांसाठी ३ टक्के उपकर आम्ही निमूटपणे भरतो. दर पाच वर्षांनी दारात हात जोडून उभे राहणारे या दुसऱ्या उपकराचे लाभार्थी आहेत काय, याचा खुलासा मात्र पावतीवर नाही.

मग सुरक्षा. राज्यात कायदा आणि सुव्यवस्था उरलेलीच नाही, असे सभागृहात ठणकावून सांगावे आणि ते सांगायला येताना पुढे-मागे पोलिसांची गाडी असावी. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते, जमावबंदी लागू होते, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले जाते आणि त्या वेळी सत्ताधारी व विरोधी अशी दोन्ही बाके गप्प बसतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या मंडळींचे इतके मतैक्य दुसऱ्या कोणत्याही विषयावर दिसत नाही.

सीमाप्रश्नाबद्दल कोणी विचारलेच, तर ‘न्यायप्रविष्ट’ एवढेच म्हणावे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला त्या २००४ पासून हा शब्द सर्वांना पुरला आहे.

उत्तर कर्नाटकाच्या विकासावरील चर्चा शेवटच्या दिवसांत येते, तेव्हा आपण परतीच्या गाडीत असावे आणि मांडीवर कुंदा या बेळगावी मिठाईचा डबा असावा.

आता मतदानाचा हक्क. या विषयावर बोलताना आवाज थोडा कापरा करावा. आकडा हवाच असेल, तर कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघात नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज आले आणि पडताळणीत त्यांतले केवळ २४ खरे निघाले, हा एका बाजूला चालण्याजोगा आहे. दुसऱ्या बाजूला बसला असाल, तर नुसते ‘बोगस मतदार’ म्हटले तरी भागते. एक पथ्य तेवढे पाळावे : हक्कावर बोलावे, मतदाराशी बोलू नये. माझ्या वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. मराठीत आपण या ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून आधार कार्डावर त्यांचे नाव इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने सुरू होते, कन्नडमध्ये तोच ‘ज्ञ’ ‘ज्न’ होतो, म्हणून मतदार नोंदीत ते ‘जे-एन’ने सुरू होते. दुरुस्तीसाठी नमुना ८ आजवर तीनदा भरला. पहिल्यांदा ‘नोंदी जुळत नाहीत’ या कारणाने तो परत आला, जणू नोंदी जुळत असत्या तर मी हौसेने अर्ज केला असता. दुसऱ्यांदा सोबतचे मराठी विनंतीपत्र पाहताच खिडकीतल्या गृहस्थांनी ‘कन्नडदल्ली बरेदु कोडी’ (कन्नडमध्ये लिहून द्या) म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांकडून कन्नडमध्ये लिहून नेले. पण कन्नडमध्ये ‘ज्ञ’ हा ‘ज्ञ’च असल्यामुळे चुकीचे नाव आणि बरोबर नाव शेजारी शेजारी अगदी एकसारखे दिसू लागले, तेव्हा ‘दोन्ही एकच आहे की, दुरुस्ती कसली?’ असा प्रश्न मलाच विचारण्यात आला.

सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा अहवाल ज्या वर्षी आला, त्या १९६७ साली वडिलांनी पहिले मतदान केले आणि तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही. मतदार यादीच्या पडताळणीत न जुळणारी नावेच आधी गळतील, या धास्तीने ते आता रोज संध्याकाळी विचारतात, ‘अरे, मी मीच आहे हे कुणाला पटवायचं आता?’ हा प्रश्न घेऊनच मी त्या बॅरिकेडपाशी उभा होतो. आमदारांच्या सहायकाला फोन लावला, तेव्हा तो अत्यंत अदबीने म्हणाला, ‘साहेब आत मतदारांच्या हक्कावर बोलत आहेत, आज भेट होणार नाही.’

आमदारसाहेब, निवडणुकीच्या दिवसांत तुमची पत्रके आमच्या गल्लीत शुद्ध मराठीत येतात आणि तुमचे कार्यकर्ते घरी आणून देतात त्या चिठ्ठीवर वडिलांचे नाव एकदाही चुकलेले नसते. तेव्हा मराठी लिहिणारा माणूस तुमच्याकडे असतो. निकालानंतर तो कुठे जातो? जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे त्यांच्यासाठी मान्य झालेल्या संरक्षणांत आहे. त्यावर एक प्रश्न विचारायला तुम्हाला कोणी अडवले होते? आमच्याकडून घरपट्टी घेताना मराठी चालते, मत घेताना चालते, अर्ज घेतानाच का चालत नाही, एवढे विचारण्याचीही हिंमत तुमच्यात नाही. आणि वाचकहो, तुम्ही-आम्ही तरी काय वेगळे केले? आपसात भांडत राहिलो, २०१८ आणि २०२३ मध्ये समितीचा एकही आमदार पाठवला नाही आणि याच साहेबांच्या गळ्यात चौकाचौकात हार घातले. मीही एक घातला होता, हे कबूल करतो.

नमुना ८ चौथ्यांदा भरून फाइलमध्ये ठेवला आहे. पुढच्या अधिवेशनातही बंदोबस्त असणारच आणि मला आत सोडणार नाहीत. तेव्हा आमदारसाहेब, तुम्हीच बॅरिकेडच्या अलीकडे गाडी थांबवा, काच खाली करा आणि हा कागद घेऊन जा.