म्हणे नऊ मिलिसेकंदांत काय मोजणार!

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: पापणी लवायच्या आत नाहीशी होणारी अणुकेंद्रं बनवण्यावर शास्त्रज्ञ अब्जावधी उधळतात, एवढ्या वेळात मोजमाप शक्यच नाही, आकडे सगळे अंदाजपंचे, असली केंद्रं निसर्गात नसतातच, आणि बंधनऊर्जा म्हणजे अणूत साठवलेलं इंधन, ते काढायचं सोडून हे खेळ चाललेत.

शेवटचं आधी घेऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. बंधनऊर्जा साठवलेली नसते. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येताना ती बाहेर निघून गेलेली असते. केंद्र पुन्हा सुटं करायचं तर तेवढी पदरची घालावी लागते. ठेव नव्हे, कर्जच म्हणा. युरेनियम फुटल्यावर ऊर्जा मिळते ती तुकडे जास्त घट्ट बांधलेले असतात म्हणून.

आता मोजमाप. लिथियम-11 घ्या. 3 प्रोटॉन, 8 न्यूट्रॉन, अर्धायुष्य (निम्मी केंद्रं क्षय पावायला लागणारा वेळ) नऊ मिलिसेकंदांहून कमी. 2008 मध्ये कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत त्याचं वस्तुमान मोजलं गेलं. आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, चुंबकीय क्षेत्रात अडकवला की गोल फिरतो, आणि जितका जड तितका सावकाश. तिथल्या चुंबकात लिथियम-11 सेकंदाला पन्नास लाखांवर फेऱ्या मारतो, म्हणजे अर्धायुष्याएवढ्या वेळात चाळीस हजारांहून जास्त. बाहेरून रेडिओलहरी सोडायच्या. त्यांची वारंवारता फेऱ्यांशी जुळली की आयन ऊर्जा घेतो आणि सापळ्यातून सोडल्यावर डिटेक्टरपर्यंत लवकर पोचतो. कोणत्या वारंवारतेला सगळ्यात लवकर, एवढं बघायचं. यात अंदाजपंचे कुठे आलं?

केंद्र बनताना जेवढी ऊर्जा बाहेर गेली तेवढं वस्तुमान घटलेलं असतं, म्हणून वस्तुमानावरून बंधनऊर्जा कळते. त्यातून निघालेला आकडा असा: बाहेरचे दोन न्यूट्रॉन मिळून सोडवायला जेमतेम 369 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात. एरवीच्या टिकाऊ केंद्रातून एकच न्यूट्रॉन काढायला साधारण 8,000 लागतात. जपानी शास्त्रज्ञ तानिहाता यांच्या गटाला 1985 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत हे केंद्र अवाजवी मोठं आढळलं होतं, ते याचमुळे: ते दोघे दूरवर भटकत असतात. त्यातला एक काढा, उरलेलं लिथियम-10 टिकत नाही. नुसते दोन न्यूट्रॉनही एकमेकांना धरून राहत नाहीत. आतला गाभा आणि हे दोन न्यूट्रॉन असे तिघं मिळून मात्र राहतात!

निसर्गात नसतात? 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, आणि मागोमाग आलेल्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम या तिथे नव्याने घडलेल्या मूलद्रव्याची खूणही ओळखता आली. अशा ठिकाणी केंद्रं भराभर न्यूट्रॉन गिळतात. कुठे थांबायचं आणि कधी क्षय पावायचं, हे त्या क्षणभंगुर केंद्रांची बंधनऊर्जा आणि अर्धायुष्यच ठरवतं. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं याच वाटेने घडतात. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत जस्त-82 चं वस्तुमान मोजल्यावर न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात ते असेल हा जुना हिशेबच बदलावा लागला.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये 2022 साली सुरू झालेलं, अशी केंद्रं बनवणारं यंत्र सुमारे 73 कोटी डॉलरचं आहे, आणि ते दवाखान्यासाठी उभारलंय असं भासवण्यात अर्थ नाही. तरी सर्नमध्ये अशाच प्रयोगांच्या लक्ष्यातून पार होऊन एरवी वाया जाणारे प्रोटॉन ‘मेडिसिस’ या वैद्यकीय संशोधनासाठी किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या केंद्रात वापरतात, 2017 च्या डिसेंबरात तिथे कर्करोगावरच्या संशोधनासाठी टर्बियम-155 काढलं गेलं.