केमिकल 'ए टु झेड' लावा म्हणे!

लॅब असिस्टंटच्या ग्रुपवर दर जूनमध्ये एक मेसेज फिरतो, 'केमिकल ठेवायचे ५ सोपे नियम'. ए टु झेड लावा, ॲसिड सगळ्यात वरच्या फळीवर म्हणजे मुलांचा हात पोचत नाही, ईथर-ॲसिटोन फ्रिजमध्ये, केमिकलला एक्सपायरी नसते, कपाटाला कुलूप. यंदा एका सरांनीच टाकला आणि खाली पटापट अंगठे, म्हणून लिहितोय.

ए टु झेड शोधायला सोपं पडतं, मान्य, मीही आधी तसंच लावायचो. पण एसची फळी बघा, सोडियम सल्फाइड आणि जवळच सल्फ्युरिक ॲसिड, दोन्ही एकत्र सांडले की एच टू एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, तोच सॉल्ट ॲनालिसिसचा सडक्या अंड्याचा वास, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून आपण निवांत. पीवर पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवलेला आणि शेजारी पोटॅशियम रॉकेलात, आता ती पाण्याची बरणी फुटली तर? पोटॅशियम पाण्यानेच पेट घेतं. आधी गट पाडा, पेटणारे, ऑक्सिडायझर (म्हणजे दुसऱ्याला पेटवणारे), ॲसिड, अल्कली, पाणी न चालणारे, मग गटाच्या आत खुशाल ए टु झेड करा. आणि ॲसिड म्हणून सगळी ॲसिडंही एकत्र नकोत, ग्लेशियल ॲसेटिक (जवळजवळ बिनपाण्याचं ॲसेटिक ॲसिड) पेटतं आणि नायट्रिक पेटवतं, विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे ते.

बरं, सांडायलाच हवं असंही नाही. आमच्याकडे एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) आणि लिकर अमोनिया (अमोनियाचं पाण्यातलं द्रावण) एकाच फळीवर होते, बुचं बसवलेली, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर सगळ्या बाटल्यांवर पिठासारखा पांढरा थर, अमोनियम क्लोराइडचा, लेबलं एकेक पुसून वाचत बसलो.

ॲसिड वर? सल्फ्युरिकची अडीच लिटरची बाटली, घनता १.८४, म्हणजे नुसतं ॲसिडच ४.६ किलो, स्टुलावर चढून ती कोण काढणार, मीच ना? हात सटकला तर थेट तोंडावर. डोळ्यांच्या पातळीच्या खाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. मुलांसाठी कुलूप आहेच की.

फ्रिजचा नियम सगळ्यात डेंजर. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ निघते तो, उणे ४५ अंश सेल्सिअस, घरगुती फ्रीझर जातो उणे १८ पर्यंत, म्हणजे तिथेही पेटण्याइतकी वाफ निघतेच. ती बंद फ्रिजमध्ये साठते, आणि आत थर्मोस्टॅट नि दिव्याचा स्विच ठिणगी टाकायला बसलेलेच. ज्याच्या आत ठिणगी पडत नाही असे लॅबचे वेगळे फ्रिज मिळतात, जुना घरचा फ्रिज लॅबला दान करू नका प्लीज. (आणि लॅबच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा तर अजिबात ठेवू नका, हे सांगावं लागतं हे दुर्दैव.)

एक्सपायरी नसते हे मिठाला ठीक. ईथरची बाटली एकदा उघडली की हवा-उजेडाने पेरॉक्साइड होतात, त्यांचा स्फोट होतो. ब्राऊन बाटली, उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने, आणि झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर झाकण फिरवायचंच नाही, हलवायचीही नाही, डिपार्टमेंटला कळवायचं.

कुलूप लावा, तेवढं बरोबर आहे. फक्त आत काय आहे त्याची यादी आतल्या बाजूला चिकटवू नका, खोलीच्या दाराबाहेर लावा, आग लागली तर फायरब्रिगेडवाले कपाट उघडून वाचणार आहेत का?