‘मोकळ्या मैदानात बॉम्ब’: व्हाइट टायगर्सच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ साहेब,

नमस्कार. आयएनएएस ३००, म्हणजे आपल्या नौदलाचं व्हाइट टायगर्स हे लढाऊ विमानांचं स्क्वाड्रन (पथक), यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया टाकलीत तिला तिथल्या तिथे चार ओळीत उत्तर देणार होतो. पण लिहायला बसलो आणि वाढतच गेलं, म्हणून ही वेगळी पोस्ट. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो, उगाच मी मोडतोड केली असं नको व्हायला. तुमचं म्हणणं असं की ७१ च्या युद्धात पूर्वेचं, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावरचं आकाश साफ केलं वायुसेनेने आणि मी तिला एका वाक्यात गुंडाळलं. मग, हे तुमच्याच शब्दात, "समोर एक विमान नसताना मोकळ्या मैदानात बॉम्ब टाकून यायला वाघ कशाला लागतो?" शिवाय या स्क्वाड्रनकडे नंतर आलेल्या सी हॅरियर विमानांचे अपघात मी गाळले, आणि २०१६ ला हॅरियर गेली तेव्हाच हे स्क्वाड्रन संपलं, आता मिग-२९के या नव्या विमानांवर नुसता जुना नंबर चिकटवलाय. शेवटी जाताजाता "घरी बसून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी युद्धावर लिहू नये, मी वायुसेनेत नोकरी केली आहे" हेही.

पहिलं मान्य. वायुसेनेला एकच वाक्य आलं, अजून दोन यायला हवी होती. लेख नौदलाच्या स्क्वाड्रनवर होता हे लक्षात घेऊनसुद्धा मान्य. झालं?

आता वाघाचं बघू. टीका करा हो, टीकेला कोण घाबरतंय, पण ही टीका आहे का? हे म्हणजे कट्ट्यावर बसून टपली मारणं झालं. ज्या माणसांनी जहाजाच्या डेकवरून उडून परत डेकवर उतरायचं काम केलं त्यांच्याबद्दल असं लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही, आणि ते पण नाव न देता! तुम्ही स्वतः युनिफॉर्म घातलेला आहे म्हणता, म्हणून जास्त लागलं. परक्याने लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं.

बरं, हे वाक्य नुसतं लागट नाहीये, चूक पण आहे. ४ डिसेंबर १९७१ ची सकाळ घ्या. विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजावरून आठ सी हॉक (या स्क्वाड्रनची तेव्हाची जेट विमानं) उडाली आणि कॉक्स बाजारच्या विमानतळावर जाऊन आदळली, जहाज तेव्हा किनाऱ्यापासून साधारण ६० सागरी मैलांवर होतं. त्याच दिवशी ढाक्यावर काय चालू होतं? पाकिस्तानच्या १४ नंबर स्क्वाड्रनची सेबर विमानं तिथल्या तेजगाव विमानतळावरून उडत होती आणि आपल्या वायुसेनेच्या हंटर विमानांशी त्यांच्या झटापटी होत होत्या, त्यात आपली विमानं पण गेली. तेजगावची धावपट्टी आपल्या मिग-२१ नी निकामी केली ती ६ तारखेला. म्हणजे तुमचं ते मोकळं मैदान दोन दिवसांनी मोकळं झालं साहेब! चार तारखेला सकाळी कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला वर सेबर भेटणार की नाही हे कोण सांगणार होतं? आणि कॉक्स बाजारच आधी का, याचा विचार केलात? ती धावपट्टी सेबरना वापरायला मिळाली असती तर विक्रांत त्यांच्या टप्प्यात आली असती. म्हणजे मैदान आयतं मिळालेलं नव्हतं, त्यातला आपला वाटा त्यांनी स्वतः साफ केला.

त्यात खाली समुद्रात काय होतं ते तर तुम्ही धरलंच नाहीत. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतलाच शोधत बंगालच्या उपसागरात आलेली. ३ आणि ४ च्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली हे आज आपल्याला पाठ आहे, पण त्या सकाळी विक्रांतवर कुणाला खात्री होती का? नव्हती. तरी विमानं सोडायची म्हटल्यावर जहाज वाऱ्याकडे तोंड करून सरळ रेषेत धरावं लागतं, आणि पाणबुडीला याहून सोयीचं काय हवं.

आणि विक्रांत तरी कुठल्या अवस्थेत होती? बॉयलरला तडे गेलेले, पूर्ण वेग घ्यायची सोय नाही. जहाज बंदरातच ठेवावं असं मत असणारे पण होते, शेवटी नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी न्यायचंच ठरवलं. आता तुम्ही म्हणाल बॉयलरचा आणि विमानाचा काय संबंध. जमिनीवरच्या धावपट्टीवर सवय झालेल्यांना हे पटकन कळत नाही (टोमणा नाही, खरंच सांगतोय). डेकवरून विमान उडताना पंखांवरून पुरेसा वारा जावा लागतो, त्यातला थोडा कॅटापल्टच्या (विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राच्या) फेकीतून मिळतो, थोडा खराखुरा वारा आणि बाकीचा जहाजाच्या पळण्यातून. जहाज हळू आणि डिसेंबरातला वारा पडलेला, म्हणजे दोन्हीकडून तंगी, आणि पंखाखाली बॉम्ब लावून जड झालेलं विमान. परत आल्यावर विमानाच्या शेपटीचा हुक डेकवरच्या तारेत अडकला तर ठीक, नाही अडकला तर पुन्हा पॉवर देऊन वर. इंधन मोजकं, खाली पाणी.

विमान तरी कुठलं? सी हॉकची जात १९४७ साली पहिल्यांदा उडालेली, इंग्रजांनी स्वतः ७१ च्या दहा वर्षं आधीच आघाडीवरून काढून टाकलेली. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथे एक उभं आहे, कधी गोव्याला आलात तर बीचवर जायच्या आधी बघून या. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफांची भोकं दिसतात. मागे गेलात तर शेपटीच्या टोकाला जिथे जेटचं धुराडं असायला हवं तिथे काहीच नाही! इंजिन एकच, पण त्याचा झोत दोन फाट्यांत वाटून पंखांच्या मुळाशी दोन बाजूंनी बाहेर काढलाय, म्हणजे मागच्या धडात इंधनाची टाकी बसते. मला लहानपणी ते विमान अर्धवट बनवलेलं वाटायचं.

हे विमान घेऊन ही माणसं १० तारखेपर्यंत चितगाव, खुलना, मोंगला करत राहिली. विमानविरोधी तोफा होत्या की खाली, त्यांना कुणी सुट्टी दिली नव्हती. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या विमानाला मार बसला तरी त्यांनी ते परत आणून डेकवर उतरवलं. त्यांना महावीर चक्र मिळालं, विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांनाही. एकही सी हॉक गेलं नाही यावरून सोपं होतं असा निष्कर्ष तुम्ही काढता, मी वेगळा काढतो. तसं बघितलं तर रात्रीची कामं ३१० स्क्वाड्रनच्या अलिझे विमानांनी केली आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही, ही तक्रार तुम्ही केली असतीत तर मी मान खाली घातली असती.

"घरी बसून कॉपी-पेस्ट" बद्दल. आमचं घर मूळचं मालवणकडचं, पण माझा जन्म वास्कोचा. बाबा आयएनएस हंसा या दाबोळीच्या नौदल तळावर सिव्हिलियन फिटर होते, रिटायर होईपर्यंत. डबा, सायकल, गेटपास आणि घरी आल्यावर हाताला येणारा केरोसीनचा वास, हे माझं कॉपी-पेस्ट. सी हॅरियर दाबोळीला आली १९८३ च्या डिसेंबरात, तेव्हापासून चिखलीच्या आमच्या शाळेत बाई फळ्याकडे वळून खडू हातात धरून गप्प उभ्या राहायच्या, कारण हॅरियर धावपट्टीवर हवेत थांबलं की पहिल्या बाकावरच्यालाही ऐकू यायचं नाही. कौलं थरथरायची. ती विमानं इंग्लंडहून आणणारे अरुण प्रकाश पुढे नौदलप्रमुख झाले, आणि त्यांना ७१ चं वीरचक्र कशावर मिळालं माहितीय? वायुसेनेच्या हंटरवर! डेप्युटेशनवर तुमच्याच २० नंबर स्क्वाड्रनमध्ये होते ते. म्हणजे ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्यात नसलेलं भांडण तुम्ही माझ्या पोस्टखाली लावताय.

आणि माझे मामा ७१ ला विक्रांतच्या डेकवर होते. ऑफिसर नाही, साधे खलाशी, विमानं ढकलणाऱ्या टोळीत. ते सांगायचे की परत आलेलं विमान थांबलं रे थांबलं की चाकांना चोक लावायचे आणि लगेच पोटाखाली वाकून भोकं शोधायची, कारण दुसरी टोळी बॉम्बच्या ट्रॉल्या घेऊन मागे उभीच असायची. मामा आता नाहीत. असते तर तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली असती आणि ते जे बोलले असते ते मालवणीत असल्यामुळे इथे छापता आलं नसतं.

राहिलं हॅरियरचं. अपघात झाले, बरेच झाले, जवळपास निम्म्याहून जास्त विमानं गेली हे सगळ्यांनाच माहीत आहे, वास्कोत राहणाऱ्याला तर कुणी सांगायची गरज नाही, बाबा ज्या संध्याकाळी न बोलता जेवायचे त्या संध्याकाळी आम्हाला कळायचं. पण माझा लेख सी हॉकच्या काळावर होता. हॅरियरवर कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता नाही.

नंबर चिकटवण्याबद्दल फार लिहीत नाही. १९६० च्या जुलैत वेल्समधल्या ब्रॉडीला हे स्क्वाड्रन उभं राहिलं तेव्हा विक्रांत बेलफास्टला अजून ताब्यात पण यायची होती, म्हणजे स्क्वाड्रन जहाजाच्याही आधीचं. सी हॉक गेली, हॅरियर आली, ११ मे २०१६ ला हंसावर एकाच कार्यक्रमात हॅरियरला निरोप आणि मिगचं स्वागत झालं. यात तुम्हाला लबाडी दिसते. तुमच्या वायुसेनेत गोल्डन ॲरोज, १७ नंबर, तेच ज्यांनी ७१ ला पूर्वेला हंटर उडवली, ते बंद करून ठेवलं होतं आणि २०१९ ला राफेलसाठी पुन्हा उभं केलं. तेव्हा अख्ख्या देशाने टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. तेव्हा कुठे होती तुमची ही तक्रार? की नंबर वायुसेनेचा असला की परंपरा आणि नौदलाचा असला की चिकटवाचिकटवी?

६५ ला हे वाघ कुठे होते असंही एका कंसात विचारलंय तुम्ही. विक्रांत मुंबईला ड्राय डॉकमध्ये होती. तिकडे पाकिस्तान ती बुडवली म्हणून सांगत होतं, तुम्ही निदान तेवढं तरी म्हणाला नाहीत, आभार.

तुमची प्रतिक्रिया डिलीट केलेली नाही, करणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नावानिशी लिहा. आणि वायुसेनेवर मी कमी लिहिलं असं वाटत असेल तर तेजगावच्या त्या मिग-२१ वर तुम्हीच लिहून पाठवा, एक अक्षर न बदलता इथे टाकतो. नोकरी केलीय म्हणताय तर माझ्यापेक्षा बरंच लिहाल.